तोफखान्यात अधिकारी व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त होऊन नाशिकला राहायला आलेल्या गनरचं, म्हणजे तोफखान्यातल्या माणसाचं, एक ठरलेलं असतं. सोसायटीत कुणाच्या मुलाला एनडीएचा फॉर्म भरायचा असला की बेल आपल्याच दाराची वाजते. आधी मुलगा येतो, मग वडील, आणि सगळ्यात नेमके प्रश्न विचारणारी आई सर्वांत शेवटी. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. वयोमर्यादा, पगार, प्रवेशाचे मार्ग बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. माझ्यावर विसंबू नका.

तोफखान्यातला अधिकारी म्हणजे तोफ डागणारा ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

तोफ डागतात जवान. एका तोफेवरच्या तुकडीला डिटॅचमेंट म्हणतात, तिचा प्रमुख हवालदार असतो आणि त्याला 'नंबर वन' म्हणतात. अशा सहा तोफांची एक बॅटरी, तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट, म्हणजे अठरा तोफा. रेजिमेंटचा प्रमुख कर्नल असतो.

तरुण अधिकाऱ्याची युद्धातली जागा बहुधा तोफेपाशी नसतेच. तोफा कुठेतरी मागे, डोंगराआड, दहा-वीस किलोमीटरवर असतात. तिथून शत्रू दिसत नाही. दिसतो तो पुढे पायदळाच्या कंपनीबरोबर बसलेल्या तोफखान्याच्या कॅप्टनला किंवा लेफ्टनंटला. त्याच्या जागेला ऑब्झर्व्हेशन पोस्ट, बोलीत 'ओपी' म्हणतात. हातात दुर्बीण आणि नकाशा, शेजारी रेडिओ घेतलेला जवान आणि हिशेब करणारा टेक्निकल असिस्टंट, म्हणजे 'टीए'. हा अधिकारी लक्ष्याची जागा सांगतो, मागे पहिला गोळा सुटतो, रेडिओवर 'शॉट' ऐकू येतं. गोळा हवेत मिनिटभरसुद्धा असू शकतो. तो पडतो तेव्हा धूर कुठे उठला ते बघून हा म्हणतो, 'ॲड ४००', म्हणजे चारशे मीटर पुढे टाका. पुढचा गोळा लक्ष्यापलीकडे गेला तर 'ड्रॉप २००'. असं मागेपुढे करत लक्ष्य चिमटीत पकडायचं आणि मग सगळ्या तोफांना एकदम मारा करायला सांगायचं.

तोफ आंधळी आहे. अधिकारी हा तिचा डोळा, आणि तो तिच्या कितीतरी पुढे असतो.

'गोलंदाज' हा शब्द क्रिकेटमधून आला का?

उलट. क्रिकेटने तो तोफखान्याकडून घेतला. आजच्या तोफखान्याची सर्वांत जुनी बॅटरी २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या सैन्यात उभी राहिली, गोलंदाज बटालियनचा भाग म्हणून. ती पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. म्हणून २८ सप्टेंबर हा 'गनर्स डे'. तोफखान्यात सर्वांत खालच्या हुद्द्याच्या जवानाला 'गनर' म्हणतात आणि लेफ्टनंट जनरल झालेला माणूसही स्वतःला गनरच म्हणवतो.

आर्टिलरी आणि एअर डिफेन्स एकच का?

पूर्वी होतं. १९९४ पासून विमानविरोधी तोफा-क्षेपणास्त्रांची शाखा वेगळी झाली. तसंच हवेतून निरीक्षण करणारे एअर ओपीचे वैमानिकही पूर्वी तोफखान्याचेच असत; १९८६ मध्ये आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाली. तरी तोफखान्याच्या अधिकाऱ्याला उडायची हौस असेल तर तिकडे जाता येतं, आणि त्याचं प्रशिक्षणही नाशिक रोडलाच होतं.

अधिकारी व्हायचे रस्ते कोणते?

बारावीनंतर एनडीए: यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, मग खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकादमीत एक वर्ष. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते. कला शाखेची मुलं उगाच मागे हटतात. बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि जेईई मेन असेल तर टेक्निकल एंट्री. पदवीनंतर सीडीएस ही यूपीएससीचीच परीक्षा, त्यातून आयएमए किंवा चेन्नईची ओटीए ही अधिकारी प्रशिक्षण अकादमी. एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्रावर वेगळी एंट्री आहे. सगळ्यांच्या वाटेत निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, म्हणजे एसएसबी, येतेच.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून अकरावी-बारावीच्या मुलांकडून तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातल्या पहिल्या सैनिक शाळांपैकी. या शाळांत गेलं तरच होतं असं मात्र नाही.

जवान म्हणून भरती झालो तर पुढे अधिकारी होता येतं?

येतं. आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत दरवर्षी सेवेतले जवान डेहराडूनला जाऊन अधिकारी होतात. शिवाय इतरही विभागीय मार्ग आहेत. ज्याने स्वतः गोळे उचललेत असा लेफ्टनंट बॅटरीत आला की नंबर वन त्याच्याशी जरा जपून बोलतो.

तोफखानाच हवा, असं मागता येतं का?

पसंती देता येते, हमी मिळत नाही. प्रशिक्षण संपत आलं की कॅडेट आपल्या पसंतीच्या शाखा लिहून देतो. गुणवत्ता, जागा आणि लष्कराची गरज यांवर वाटप होतं. ज्याला पायदळ हवं होतं तो तोफखान्यात येतो, ज्याला तोफखाना हवा होता तो रणगाड्यांत जातो. दोन वर्षांनी दोघेही छाती ठोकून सांगतात की आपलीच शाखा खरी. लष्करात प्रेमविवाह कमी आणि ठरवून केलेलेच जास्त, आणि ते टिकतातही.

मुलाचं गणित कच्चं आहे. निभावेल का?

बारावीचं गणित निभावलं तर निभावेल, पण गणिताची भीती नको. तोफखान्यात कोन अंशांत नाही, 'मिल'मध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६,४०० मिल. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर रुंदीचा कोन. आता तोफ वीस किलोमीटरवर मारा करतेय आणि तुमची चूक फक्त एका मिलची आहे असं समजा. गोळा वीस मीटर बाजूला पडेल. पाच मिल चुकलात तर शंभर मीटर. पायदळाचे आपले लोक लक्ष्यापासून कधी कधी तेवढ्याच अंतरावर असतात.

त्यात वारा, हवेचं तापमान, हवेची घनता, गोळ्याचं वजन, दारूचं तापमान, तोफेच्या नळीची झीज हे सगळं धरायचं. डोंगरात हवा विरळ, म्हणून तोच गोळा मैदानापेक्षा लांब जातो. आज संगणक हे क्षणात करतो. तरी हाताने हिशेब अजून शिकवतात, आणि ते योग्यच आहे. बर्फात संगणकाची बॅटरी संपते, पेन्सिल संपत नाही.

माझ्या पहिल्याच शूटला मी 'लेफ्ट'च्या जागी 'राइट' म्हणालो होतो. गोळा टेकाडामागे दिसेनासा झाला. प्रशिक्षक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता सांग, तिकडे आपली कुठली कंपनी होती असं समजायचं?" त्यानंतर तीन रात्री झोप लागली नाही. डावं-उजवं मात्र पुन्हा कधी चुकलं नाही.

देवळालीत नक्की काय शिकवतात?

कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाल्यानंतर लेफ्टनंट नाशिकजवळच्या देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत यंग ऑफिसर्स कोर्सला येतो. तोफा, दारूगोळा, सर्वेक्षण, हवामानाचा हिशेब, रेडिओवरची भाषा आणि प्रत्यक्ष गोळीबार. पुढे काही निवडक अधिकारी लाँग गनरी स्टाफ कोर्सला परत येतात, तो जवळजवळ वर्षभराचा. हा केलेला माणूस आयुष्यभर 'आयजी', इन्स्ट्रक्टर इन गनरी, म्हणून ओळखला जातो आणि मेसमध्ये चहाच्या कपावरूनही वाऱ्याची दिशा सांगतो.

देवळालीबद्दल एक गंमत सांगून टाकतो. ब्रिटिश काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने काहींचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत वेड्यासाठी 'डूलाली' हा शब्द आला. मूळ रूप 'डूलाली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. नाशिककरांनी इंग्रजी भाषेला दिलेली ही देणगी, द्राक्षांच्याही आधीची.

मुली तोफखान्यात येऊ शकतात?

हो. २९ एप्रिल २०२३ रोजी चेन्नईच्या ओटीएतून पाच महिला अधिकारी पहिल्यांदा तोफखान्यात दाखल झाल्या, आणि त्यांना ऑफिसात बसवलं नाही, सरहद्दीवरच्या युनिटांत पाठवलं. एनडीएची दारं मुलींना २०२२ पासून उघडी आहेत. तिथली सतरा मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. 'गोळे जड असतात, मुलींना जमेल का' असं विचारणाऱ्या काकांसाठी: १५५ मिलिमीटरचा गोळा चाळीस किलोच्या वर असतो, तो उचलताना डिटॅचमेंटमधल्या पुरुषांचीही कंबर बोलते, आणि अधिकाऱ्याचं मुख्य काम गोळे उचलणं नाही.

पहिल्या युनिटात गेल्यावर काय होतं?

आधी तुम्हाला काहीच येत नाही हे कळतं. नव्या लेफ्टनंटला काही आठवडे जवानांबरोबर राहायला, त्यांच्याबरोबर तोफ ओढायला, लंगरात जेवायला लावतात. सुभेदार साहेब तुम्हाला सॅल्यूट करतात आणि त्याच दमात शिकवतातही. त्यांचं ऐकणारा लेफ्टनंट लवकर मोठा होतो.

मग गन पोझिशन ऑफिसर म्हणून बॅटरीच्या तोफांची जबाबदारी येते: तोफा कुठे लावायच्या, दिशा कशी द्यायची, ओपीकडून आलेल्या हिशेबाची खात्री कशी करायची. रात्री, पावसात, दिवे न लावता सहा तोफा नव्या जागी लावून काही मिनिटांत पहिला गोळा सोडायचा असतो. त्यानंतर ओपी ऑफिसर म्हणून पायदळाबरोबर. मेजर झालात की बॅटरी कमांडर. लढाईत त्याची जागा पायदळ बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरच्या शेजारी. हल्ल्याचा बेत आखताना पायदळाचा कर्नल विचारतो, "गनर, काय देशील?" त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं, त्याला बरं वाटेल ते नव्हे.

कारगिलमध्ये तोफखान्याने नक्की काय केलं?

लोकांना बोफोर्स आठवते, आणि ते बरोबरच आहे. १९८६ च्या कराराने आलेल्या त्या ४१० तोफांवर देशात किती राजकारण झालं हे सर्वांना माहीत आहे. १९९९ मध्ये त्याच तोफा द्रासच्या रस्त्याकडेला उभ्या राहून समोरच्या शिखरांवर थेट नेम धरून मारा करत होत्या.

पार्श्वभूमी अशी. घुसखोर श्रीनगर-लेह महामार्गावरच्या कड्यांवर बसले होते. तोलोलिंगवरून रस्त्यावरची गाडीन् गाडी दिसायची आणि त्यांचे ओपी त्यांच्या तोफखान्याला नेमका पत्ता द्यायचे. म्हणजे त्यांचाही डोळा पुढे आणि तोफा मागे. खेळ तोच, फक्त उंची त्यांच्याकडे. आपल्या पायदळाला उघड्या खडकावरून वर चढायचं होतं. अशा चढाईत बंकरमधल्या एका मशीनगनने अख्खी कंपनी अडवता येते. म्हणून हल्ल्याआधी एकेका शिखरावर शंभरेक तोफांचा मारा एकवटला गेला. सगळ्या मोहिमेत अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली गेली. टायगर हिल घेतली त्या दिवशी सुमारे ९,००० गोळे.

या आकड्यांत एक गोष्ट झाकली जाते. प्रत्येक चढाईत पायदळाबरोबर तोफखान्याचा एक तरुण ओपी ऑफिसर रेडिओ घेऊन चढत होता. तोफांचा मारा आपल्या लोकांच्या किती जवळ येऊ द्यायचा आणि कधी थांबवायचा, हे त्याने ठरवायचं. लवकर थांबवला तर बंकरमधला शत्रू डोकं वर काढतो, उशीर केला तर आपलीच माणसं. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या एका वाक्यावर हे अवलंबून असतं. तोलोलिंगच्या परिसरातल्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये 'गन हिल' हे नाव दिलं, ते तोफखान्याच्या या कामगिरीसाठी.

म्हणजे तोफखाना सुरक्षित नाही? आम्हाला वाटलं मागे राहून लढतात.

हा प्रश्न नेहमी आई विचारते, आणि तिला खोटं सांगायचं नसतं.

ओपी ऑफिसर पायदळाइतकाच पुढे असतो. मागच्या तोफांनाही शत्रूच्या तोफा शोधत असतात. उडालेल्या गोळ्याची वाट रडारवर पकडून तोफ कुठे आहे ते काढता येतं. आपल्याकडे यासाठी 'स्वाती' रडार आहे, समोरच्याकडेही तशी साधनं आहेत. म्हणून मारा करून जागा सोडायची असते. छावणीतही धोका असतो. २९ नोव्हेंबर २०१६ ला जम्मूजवळच्या नगरोट्यात तोफखान्याच्या युनिटवर दहशतवादी हल्ला झाला, त्यात पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी कामी आले. आणि शांततेतही दारूगोळा दारूगोळाच असतो: ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीत सरावादरम्यान गोळा फुटून दोन अग्निवीर गेले.

स्वातंत्र्यानंतर तोफखान्याला एकही परमवीर चक्र मिळालेलं नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात हवालदार उमराव सिंग यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. तोफेवर शत्रू चालून आला आणि दारूगोळा संपला, तेव्हा तोफेची लोखंडी दांडी हातात घेऊन ते लढले. त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. तोफखान्याच्या रेजिमेंटला पायदळासारखा निशाण-ध्वज नसतो. तोफा हेच त्यांचं निशाण. जरीपटका शत्रूच्या हाती पडू द्यायचा नाही, तशी तोफ सोडून जायचं नाही.

युद्ध नसताना तुम्ही करता तरी काय?

माझे सासरे हे मला वीस वर्षं विचारत होते.

बहुतेक अधिकाऱ्यांच्या नोकरीत खरं युद्ध आठवड्यांचं असतं, काहींच्या वाट्याला येतच नाही. उरलेला सगळा काळ त्या आठवड्यांसाठी. सकाळी पीटी, मग तोफांची देखभाल. तोफेच्या नळीत कचऱ्याचा कणही राहता कामा नये. दारूगोळ्याचा हिशेब लॉट नंबरनुसार ठेवायचा, कारण एका लॉटची दारू दुसऱ्यापेक्षा जरा वेगळी जळते आणि गोळा दुसरीकडे पडतो. वर्षातून रेंजवर प्रत्यक्ष गोळीबार, राजस्थानात किंवा देवळालीसारख्या ठिकाणी. वाळवंटात सराव, पहाडात सराव, पायदळ आणि रणगाड्यांबरोबर सराव. गोळे महाग असतात, म्हणून सिम्युलेटरवर तासन् तास. मधे परीक्षा, निरीक्षणं, खेळांच्या स्पर्धा, जवानांच्या रजेचे आणि जमिनीच्या वादांचे अर्ज. यांतला शेवटचा प्रकार हलका समजू नका. बांधावरून भाऊबंदकी चालू असलेल्या जवानाचं तोफेवर लक्ष लागत नाही, आणि त्याच्या तहसीलदाराला पत्र लिहिणं हेही बॅटरी कमांडरचं काम असतं.

पूर आला, भूकंप झाला की नागरी मदतीला जावं लागतं. प्रजासत्ताक दिनाच्या एकवीस तोफांच्या सलामीला २०२३ पासून इंग्रजांच्या काळातल्या पंचवीस-पाउंडर तोफांऐवजी १०५ मिलिमीटरची भारतीय फील्ड गन असते. टीव्हीवर दिसणारी ती काही मिनिटं, आणि राष्ट्रगीताशी जुळवलेल्या त्या वेळेमागे कितीतरी पहाटेच्या तालमी.

मला विचाराल तर या धंद्याची खरी परीक्षा इथेच असते. गोळ्याच्या आवाजात सगळेच सावध असतात. दहाव्या वर्षी, नवव्यांदा तोच सराव करताना हिशेब पुन्हा तपासायचा कंटाळा न येणं अवघड.

नियंत्रण रेषेवर युद्ध की शांतता?

दोन्ही नाही. तोफखान्याचा अधिकारी तिथे उंचावरच्या पोस्टवर पायदळाबरोबर महिनोन् महिने राहतो, सियाचीनच्या साल्टोरो कड्यावरसुद्धा. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतर काही वर्षं शांत गेली, मग पुन्हा गोळीबार वाढला, फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा समझोता झाला, आणि मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या चार दिवसांत तोफा पुन्हा दणाणल्या. कागदावर ही शांततेची वर्षं. ओपीवर बसलेल्याला रोज सकाळी समोरच्या टेकडीवर काय बदललं ते लिहून ठेवायचं असतं.

काश्मीरमध्ये दहशतवादविरोधी कामात तोफखाना कशाला?

तोफा नाहीत, माणसं. राष्ट्रीय रायफल्समध्ये सगळ्या शाखांचे अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी जातात, तोफखान्याचेही. तिथे रायफल घेऊन पायदळाचंच काम. काहींना पॅराशूटची हौस असते, त्यांच्यासाठी पॅरा फील्ड रेजिमेंट आहे.

बढती कशी होते?

लेफ्टनंट ते कॅप्टन दोन वर्षं, मेजर सहाव्या वर्षी, लेफ्टनंट कर्नल तेराव्या. इथपर्यंत परीक्षा दिल्या आणि वागणूक ठीक असली की वेळेनुसार होतं. पुढचा कर्नल निवड मंडळाकडून, आणि इथे चाळण बारीक होते. चांगले, मेहनती अधिकारीही राहून जातात. रेजिमेंटची कमांड ही निवडीने झालेल्या कर्नललाच मिळते. तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची स्पर्धा परीक्षा मेजर असताना द्यायची. ती पास झाली की दार थोडं उघडतं. निवड न झालेल्यांना सव्वीस वर्षांनी कर्नल हुद्दा मिळतो, कमांड नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. चाळिशीच्या आत आलेला हा नकार अनेकांना कारगिलपेक्षा जड गेलेला पाहिलाय.

वरपर्यंत पोचलेलेही आहेत. लष्करप्रमुख झालेल्यांत कुमारमंगलम, ओ. पी. मल्होत्रा, पद्मनाभन, दीपक कपूर हे तोफखान्याचे. आणि जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज, मूळ गोव्याचं घराणं, मुंबईचा जन्म, १९५२ मध्ये तोफखान्यात कमिशन, एअर ओपीचे वैमानिक आणि १९९० ते १९९३ लष्करप्रमुख.

पगार?

सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि महागाई भत्ता. मेजरचं मूळ वेतन ६९,४०० पासून, लेफ्टनंट कर्नलचं १,२१,२०० पासून. फील्डचे, म्हणजे सरहद्दीकडच्या नेमणुकीचे, भत्ते वेगळे. पुण्यातल्या आयटीवाल्या भावाशी तुलना करू नका, दोघांचंही मन खट्टू होतं. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे मर्यादित मुदतीची नोकरी, दहा वर्षांची, आणखी चार वर्षं वाढवता येते. पेन्शनला अधिकाऱ्याची वीस वर्षं लागतात.

मराठी मुलांना भाषेची अडचण येते का?

हिंदी पहिल्या सहा महिन्यांत सुधारते, इंग्रजी मेसमध्ये. जवान देशभरातून येतात. तुमची बॅटरी ज्या लोकांची, त्यांचे सण तुमचे, आणि त्यांच्या देवळात किंवा गुरुद्वाऱ्यात पुढच्या रांगेत तुम्ही. सहा वर्षांत मी पंजाबीत शिव्या आणि भजनं दोन्ही शिकलो.

कानांचं काय?

ठेवा जपून. इअर प्लग घालायला आळस करू नका. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना फोन स्पीकरवर ठेवावा लागतो आणि बायकोच्या मते काही गोष्टी तर आम्हाला मुळीच ऐकू येत नाहीत.

लग्न, मुलं, घर?

दोन-तीन वर्षं फील्ड, मग पीस स्टेशन, असं चक्र. फील्डला कुटुंब सहसा नेता येत नाही. मुलं सात-आठ शाळा बदलतात. बायकोची नोकरी असेल तर सगळ्यात मोठी कसरत तिची, आणि ती आधीच मोकळेपणाने बोलून घ्या, साखरपुड्याच्या आधी.

ड्रोन आलेत. तोफ आता मोडीत निघणार ना?

युक्रेनमधलं युद्ध बघणारा कुणी हे म्हणणार नाही. तिथे ड्रोन शत्रू शोधतो आणि तोफ त्याला गाठते. डोळा आता टेकडीवरून उडून हवेत गेलाय एवढंच. कारगिल दिनी, २६ जुलै २०२५ ला लष्करप्रमुखांनी द्रासमध्ये तोफखान्याच्या 'शक्तिबाण' रेजिमेंट आणि 'दिव्यास्त्र' बॅटऱ्यांची घोषणा केली. त्यांत ड्रोन आणि घिरट्या घालून मारा करणारी अस्त्रं आहेत. ब्रह्मोसही तोफखान्याकडे आहे.

तोफाही बदलताहेत, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा. पिनाका रॉकेट प्रणाली पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेची. बारा रॉकेटं ४४ सेकंदांत सुटतात. अटॅग्ज ही १५५ मिलिमीटरची, ४८ किलोमीटरपर्यंत पोचलेली तोफसुद्धा एआरडीईचीच, भारत फोर्ज आणि टाटांबरोबर केलेली. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. गोळ्यांच्या कवचांसाठी नागपूरजवळचं अंबाझरी, दारू भरण्यासाठी भद्रावतीचा चांदा कारखाना. विदर्भातल्या माणसाने भरलेला गोळा द्रासमध्ये जाऊन पडतो. बाकी के-९ वज्र गुजरातमधल्या हजिऱ्याला, धनुष जबलपूरला, आणि हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येणारी, चार टनांच्या आसपासची एम-७७७ अमेरिकेची.

देवळालीच्या रेंजवर तोफा बघायला जाता येतं का?

मनाने उठून जाता येत नाही. दरवर्षी 'तोपची' नावाचं प्रात्यक्षिक होतं, त्याला निमंत्रण लागतं. शाळांना आणि एनसीसीला कधी कधी मिळतं, चौकशी करा. एरवी लहवितच्या बाजूला आवाज ऐकून समाधान माना.

रेंजलगतच्या गावांतल्या पोरांसाठी एक सूचना, कारण पितळ-तांब्याच्या मोहाने अजूनही कुणीतरी आत शिरतं. न फुटलेल्या गोळ्याला आम्ही 'ब्लाइंड' म्हणतो. तो गंजलेला असो, अर्धा मातीत रुतलेला असो, हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, घरी आणायचा तर मुळीच नाही. दुरून खूण लक्षात ठेवा आणि पोलीस पाटलांना सांगा. पुढचं काम ज्यांचं आहे ते येऊन करतील.